धबधब्याचे दूध किती आटवावे?

चवथीनंतरच्या पहिल्या रविवारी भाच्याला घेऊन गोव्यातल्या हरवळ्याच्या धबधब्यावर गेलो होतो. रुद्रेश्वराचे दर्शन घेऊन कठड्यापाशी ट्रायपॉड लावला आणि बराच वेळ खपून पहिले छायाचित्र काढले. भाच्याने ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले, मग स्वतःच्या मोबाईलवरचे पाहिले आणि अत्यंत सभ्यपणे विचारले, "मामा, तुमच्या फोटोतले पाणी पुसल्यासारखे का दिसते?"

इतकी वर्षे धबधब्यांचे फोटो काढूनही या प्रश्नाचे चटकन उत्तर मला सुचले नाही, म्हणून ही पोस्ट लिहितो आहे. दर पावसाळ्यात फेसबुकवर गोव्यातल्या धबधब्यांची छायाचित्रे येतात आणि त्यांतली निम्मीअधिक एकाच साच्यातली असतात: काळा कातळ, हिरवे शेवाळ आणि मधोमध रेशमाचा पांढरा पट्टा. खालची ओळ वाचल्याशिवाय ते हरवळे आहे, नेत्रावळीची सावरी आहे की सत्तरीतला एखादा वझर आहे, हे ओळखता येत नाही. दोष शटर सावकाश ठेवण्याचा, म्हणजे ते जास्त वेळ उघडे ठेवून वाहते पाणी पुसट करण्याचा नाही, तर प्रत्येक धबधब्याला तोच वेग लावण्याचा आहे, असे माझे मत आहे.

मुळात पाणी पांढरे नसते. ते कड्यावरून सुटताना फुटते, त्यात हवा मिसळते आणि असंख्य थेंबांच्या व बुडबुड्यांच्या पृष्ठभागांवरून सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरला जातो, म्हणून आपल्याला पांढरा फेस दिसतो. दूधही त्यातल्या स्निग्धांशाच्या आणि प्रथिनांच्या सूक्ष्म कणांमुळे याच न्यायाने पांढरे दिसते. ज्याने दूधसागराला दूधसागर म्हटले त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता, तरी त्याला दूधच दिसले. त्यामुळे सावकाश शटरचे दुधाळ पाणी म्हणजे खोटेपणा, हा आक्षेप मला पटत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागात गोठवलेले, काचेच्या ठिकऱ्यांसारखे थेंब तरी कुणाच्या डोळ्यांना दिसतात? प्रश्न एवढाच की दूध किती आटवायचे. त्याची बासुंदी झाली की धबधब्याची चव गेली.

त्या दिवशी हरवळ्याला पाणी भरपूर होते आणि मी एक सेकंदाचे शटर ठेवले होते. एका सेकंदात तिथून इतके पाणी कोसळते की सगळ्या धारा एकमेकींत मिसळतात आणि वाळत घातलेल्या चादरीसारखे काहीतरी उरते. शटर एक अष्टमांश सेकंदावर आणले तेव्हा तेच पाणी बोलू लागले. ते वरच्या टप्प्यावर आपटून कुठे बाहेर उसळते, कुठे कातळाला चिकटून घरंगळते आणि कुठे दोन धारा वेगळ्या होऊन पुन्हा एकत्र येतात, ते सगळे दिसू लागले. त्यामुळे जोराच्या पाण्याला मी आता एक पंधरांश ते एक चतुर्थांश सेकंदाच्या पलीकडे सहसा जात नाही. पाऊस ओसरल्यावर कातळावरून बारीक झिरपणाऱ्या धारेला मात्र अर्धा किंवा एक सेकंद शोभतो, कारण तिथे पाणी कमी असते आणि वेळ दिल्याशिवाय ते नजरेतच भरत नाही.

हे साधायला सावली हवी. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ ११ (आकडा मोठा तितके छिद्र बारीक) ठेवले तर ढगाळ हवेत, झाडीखाली, शटर आपोआप सावकाश होते. छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करण्याचा मोह टाळावा, कारण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, चित्राचा रेखीवपणा जातो. तरीही उजेड जास्त असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे नुसता प्रकाश कमी करणारी काळसर काच, लावावा; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. तो आठवा हिस्सा प्रकाश आत सोडतो, म्हणजे एक साठांशाचे शटर साधारण एक अष्टमांशावर येते. मात्र पैसे एकाच फिल्टरपुरते असतील तर माझे मत पोलरायझरला, म्हणजे चकाकी कापणाऱ्या फिल्टरला. त्याची कडी हळूहळू फिरवत डोळा लावून बघावे: ओल्या कातळावरची चकाकी एका क्षणी विझते, खालचा काळा-तपकिरी दगड वर येतो आणि पांढरट दिसणाऱ्या पानांना त्यांचा खरा हिरवा रंग परत मिळतो. शिवाय तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे एनडीचे थोडे काम फुकटात होते. भाच्याने ती कडी स्वतः फिरवून पाहिली आणि मग दहा मिनिटे कॅमेरा माझ्या हाती आला नाही.

दुसरी गफलत उजेडाच्या मापात होते. चौकटीत गर्द झाडी आणि काळा दगड जास्त असला की कॅमेरा तो काळोख उजळू पाहतो आणि त्यात पांढरे पाणी जळून जाते. ते जळले की घरी संगणकावर काही करून परत येत नाही. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप उणे करून हिस्टोग्रामची, म्हणजे पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखाची, उजवी (पांढऱ्याची) कड तपासावी. तुषारांनी भिजणारी काच प्रत्येक क्लिकआधी पुसावी, हे सांगायला नको. तरी माझ्या निम्म्या फोटोंवर थेंबांचे गोल डाग आहेतच.

दूधसागराची गोष्ट वेगळी. सुमारे ३१० मीटरांचा तो उतार दुरूनच पाहावा लागतो आणि समोरून रेल्वेचा कमानींचा पूल जातो. गाडी आल्याशिवाय त्याची उंची कळत नाही. आली की डबे काड्यापेट्यांएवढे दिसतात. कॅसलरॉक ते कुळे या घाटात रुळांचा चढ ३७ ला १ इतका असल्याने गाडी हळू चालते, तरीही डब्यातून फोटो घेताना रेशमाचा हट्ट सोडावा, एक पाचशेअंशाहून जलद शटर ठेवावे आणि खिडकीबाहेर हात काढू नये. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या धबधब्यांवर सकाळी डोंगराची सावली असते, म्हणून सावकाश शटरला सकाळ बरी. इंद्रधनुष्य हवे असेल तर दुपार उतरल्यावर, सूर्य पाठीशी घेऊन, आपल्या सावलीच्या डोक्यापासून साधारण ४२ अंशांवर तुषारांत शोधावे.

महिन्यांपैकी मी जून-जुलै सोडून देतो. तेव्हा पाण्याबरोबर तांबडी माती येते, आणि धोका त्याहून मोठा असतो. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात पर्यटकांचा बुडून मृत्यू झाल्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली, तेव्हा छायाचित्रकारांनी बरीच कुरकुर केली होती. मी त्या कुरकुरीत नव्हतो. डोक्यावर ऊन असताना वर डोंगरात पाऊस कोसळतो आणि खाली त्याची वर्दी फार थोडा वेळ आधी मिळते: पाण्यात काटक्या-पाने येऊ लागतात, आवाज जड होतो, रंग बदलतो.

त्या रविवारी नेमके तसेच झाले. आम्ही कठड्याच्या आत होतो, तरी आवाज बदलल्याचे आधी भाच्याच्या लक्षात आले. "मामा, चला," म्हणत त्याने बॅग उचललीसुद्धा. मी ट्रायपॉडला हात घालण्यापूर्वी एकदा बटण दाबले आणि आम्ही पायऱ्या चढून वर आलो. त्या शेवटच्या फोटोची चौकट वाकडी आहे, खालच्या कोपऱ्यावर थेंबाचा डाग आहे; पण डाव्या बाजूने, दुधात चहाची धार सोडावी तशी, एक तांबूस रेघ पांढऱ्या पाण्यात उतरताना दिसते. भाच्याने माझे बाकीचे सगळे फोटो सोडून तेवढा एक स्वतःच्या स्टेटसला लावला आहे.