43 तासांत पूल? आणि खांब कोणी बांधले?

मेसेज असा: ‘चीनने 43 तासांत पूल उभारला, आपल्याला गोखले पुलाला अडीच वर्षं लागली. गर्डर एका रात्रीत सरकतो. रेल्वेचा ब्लॉक म्हणजे नुसतं नाटक, गाड्या चालू ठेवूनही काम होतं. आणि लोखंडी पूल दहा वर्षांत गंजतात, सगळा कमिशनचा खेळ.’ (गोखले म्हणजे मुंबईत अंधेरीला रेल्वे रुळांवरून जाणारा पूल, गर्डर म्हणजे पुलाची लांब पोलादी तुळई, ब्लॉक म्हणजे ठरावीक वेळ गाड्या बंद.) ग्रुपांवर फिरत होता तोवर दुर्लक्ष केलं. काल काकांनी थेट मलाच पाठवला, खाली ‘तू इंजिनीअर ना, मग दे उत्तर.’ घ्या, काका.

चीनचा व्हिडिओ खरा आहे. बीजिंगचा सानयुआन पूल, नोव्हेंबर 2015. पण तिथे 1984 चे खांब जागेवरच ठेवले होते. जुना वरचा भाग काढला आणि आधीच तयार करून ठेवलेला सुमारे 1300 टनांचा नवा भाग बसवला. 43 तास एवढ्या अदलाबदलीचे. त्याआधी डिझाइन आणि कारखान्यात गेलेला काळ व्हिडिओत दिसत नाही. शिवाय खाली रस्ता होता, लोकल नव्हती. मोजायचंच तर सारख्याला सारखं मोजा: गोखले पुलाचा पहिला गर्डरही साधारण तेवढ्याच वजनाचा, आणि तोही डिसेंबर 2023 मध्ये रात्रीच्या ब्लॉकमध्येच रुळांवरून सरकवला.

आता ते ‘नाटक’. हे वाचून खरंच डोकं फिरलं. अंधेरीत रुळांवरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तिला शिवावंही लागत नाही, जास्त जवळ गेलं तरी माणूस जळतो. म्हणून ट्रॅफिक ब्लॉकसोबत पॉवर ब्लॉक लागतो. आधी वीज बंद, मग तारेला अर्थिंगचे, म्हणजे ती जमिनीला जोडणारे दांडे, मगच माणूस वर. गर्डर पुढे ढकलताना त्याच्या तोंडाला हलकी ‘नोज’, म्हणजे नाकासारखा पुढे आलेला सांगाडा, जोडतात. ती पलीकडच्या आधारावर टेकेपर्यंत पुढचा सगळा भाग अधांतरी असतो, मागच्या वजनावर तोललेला. त्या क्षणी खालून विरार फास्ट सोडायची? 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर, म्हणजे गर्डर जागेवर बसवणारं अवजड यंत्र, कोसळला आणि 20 जण गेले. तिथे तर खालून गाड्याही धावत नव्हत्या.

गंजाचं काय? रंग आणि तपासणी वेळेवर असेल तर लोखंडी पूल कित्येक दशकं टिकतो. रुळांवरच्या पुलाला पोलाद वापरतात कारण काँक्रीट जागेवर ओतायला खाली सेंटरिंगचे टेकू लागतात, ते काय लोकलच्या वाटेत उभे करणार? कमिशनचा पुरावा असेल तर द्या, नसेल तर सोडा.

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. पूल 7 नोव्हेंबर 2022 ला बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला मे 2025 उजाडला. मधल्या कित्येक तारखा हुकल्या, त्या सगळ्या काही ब्लॉकमुळे नव्हे. त्यात भर म्हणजे फेब्रुवारी 2024 मध्ये अर्धा पूल उघडला, तर तो शेजारच्या बर्फीवाला पुलाच्या कितीतरी वर निघाला. मग जॅक लावून बर्फीवाला एका बाजूने 1397 मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने 650 मिलिमीटर उचलावा लागला, तेव्हा कुठे जुलैत जोड मिळाला. रुळांवरची उंची वाढणार हे ठाऊक असताना बर्फीवालाचा जोड कागदावरच का तपासला नाही? पुढचा मेसेज यावर लिहा काका, मीही फॉरवर्ड करेन.