गेला की ओ बोर्ड, नवीन न्या!

दोन दिवस. एका मेनूत एक पर्याय निवडायचा राहिला म्हणून माझे दोन दिवस मातीत गेले, आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या मामांचे टॉवेलचे माग आहेत. पिका, म्हणजे मागावर पडणारे आडवे धागे, मोजायचा काउंटर करून देतो म्हणून मी शब्द दिलेला. ब्लू पिल नावाचा छोटा बोर्ड, त्यावर एसटीएम३२एफ१०३ ही चिप, कोड साठवायला ६४ केबी फ्लॅश मेमरी. या कामाला रग्गड. शुक्रवारी रात्री कोड टाकला, एलईडी लुकलुकला, खूश होऊन झोपलो. सकाळी सेन्सरची पिन बदलून परत टाकायला गेलो तर 'टार्गेट सापडत नाही', म्हणजे लॅपटॉपला चिपच दिसेना! वायरी बदलल्या, पोर्ट बदलला, ड्रायव्हर काढून परत टाकला. ढिम्म. त्यात लाइट गेली, लॅपटॉप वीस टक्क्यांवर, आणि मामांचा तिसरा फोन, "कधी बसवतोस बाबा?"

भर उन्हात दुकानात गेलो. त्या माणसानं बोर्ड हातातसुद्धा घेतला नाही. "गेला की ओ हा, नवीन न्या." अरे, बघा तरी! काउंटरखाली असल्याच 'गेलेल्या' बोर्डांचा डबा भरलेला दिसत होता.

गेलेला नव्हताच तो. प्रोग्रामर, म्हणजे लॅपटॉपमधला कोड चिपमध्ये टाकणारं छोटं यंत्र, पीए१३ आणि पीए१४ या दोन पिनांवरून चिपशी बोलतो. कोड तयार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डीबगच्या खान्यात 'सीरियल वायर' (याच दोन पिनांची वाट) निवडलं नाही, तर तयार होणारा कोड सुरू होताक्षणी ती वाटच बंद करतो. ज्या दारानं आत आला, तेच दार आतून कडी लावून घेतो. आणि हे आपोआप! 'बाबा रे, परत आत येता येणार नाही' असा एका ओळीचा इशारा द्यायला काय जातं? नवीन पोरं यातच अडकतात, हे बनवणाऱ्यांना कळत नाही?

कोड सुरू होऊन कडी लावायच्या आधीच आत शिरायला रिसेट दाबून धरून जोडा म्हणतात. तेही केलं. डाव्या अंगठ्यानं बटण दाबलेलं, उजव्या हातात माऊस, कनेक्टवर क्लिक झालं की त्याच क्षणी अंगठा उचलायचा. चाळीसेक वेळा केलं. अंगठ्यावर त्या बटणाचा गोल वळ उठला, पण वेळ काही जुळेना. प्रोग्रामरची रिसेट वायर जोडली तर हे काम तो स्वतः करतो, पण स्वस्तातल्या नकली प्रोग्रामरवर ती पिन कित्येकदा एसटीएम३२ साठी चालतच नाही. पिनेवर नाव मात्र ठळक छापलेलं. ही शुद्ध फसवणूक आहे.

शेवटी काय लागलं? बोर्डावरचा पिवळा जंपर. चिपनं कुठून सुरू व्हायचं ते ठरवणारे दोन जंपर असतात: बूट० एकवर, बूट१ शून्यावरच, रिसेट. चिप आपला कोड चालवतच नाही, कारखान्यातूनच आत भरून आलेल्या बूटलोडर नावाच्या प्रोग्रामवर जाते, मग कडी लावणार कोण? प्रोग्रामर पहिल्या फटक्यात जोडला गेला. फ्लॅश पूर्ण पुसली, जंपर परत शून्यावर, सीरियल वायर निवडून नवा कोड. पाच मिनिटं! पाच मिनिटांच्या कामाला दोन दिवस, कारण सांगणारं कुणी नाही आणि विकणाऱ्याला नवीनच खपवायचाय.

इथल्या कॉलेजची पोरं वडापावचे पैसे वाचवून प्रोजेक्टसाठी बोर्ड घेतात. त्यांना 'गेला' म्हणून परत पाठवता? संध्याकाळी परत गेलो आणि तो डबा मागितला. त्यातले तीन बोर्ड तिथंच काउंटरवर, त्याच्यासमोर, जंपर हलवून चालू करून दाखवले.