एका ओळीत आठपट वेग म्हणे!

'प्रत्येक फॉर लूपवर ओपनएमपीची एक ओळ टाका. आठ कोअर, आठपट वेग. बाकी कम्पायलर बघतो. चाचणीत उत्तर बरोबर आलं की झालं.' (ओपनएमपी म्हणजे लूपच्या फेऱ्या प्रोसेसरच्या अनेक कोअरवर, म्हणजे त्यातल्या गणन-केंद्रांवर, एकदम वाटून देणारी सोय; कम्पायलर म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम.) हा फिरता सल्ला आमच्या टीममधल्या नव्या मुलीपर्यंत पोचला आणि दिसेल त्या लूपवर ती ओळ चिकटली. म्हणून हे लिहिणं आलं.

सगळ्यात घातक भाग चाचणीचा. प्रतिमेचा हिस्टोग्राम (कुठल्या छटेचे किती पिक्सेल) काढणारा लूप घ्या: पिक्सेलची छटा बघायची आणि 256 पैकी त्या खान्यात एक मिळवायचा. हे 'एक मिळवणं' म्हणजे वाचा, वाढवा, परत लिहा. दोन थ्रेडनी (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांनी) एकदमच 40 वाचलं तर दोघेही 41 लिहितात आणि एक पिक्सेल गायब. लहान प्रतिमेवर दुसरा थ्रेड जागा होईपर्यंत पहिल्याचं काम आटोपलेलं असतं, त्यामुळे चाचणी खुशाल पास होते. चूक निघते ती मोठ्या डेटावर, तीही कधीतरीच.

संगणकशास्त्रज्ञ बर्नस्टाइनने 1966 सालीच कसोटी सांगून ठेवली आहे: एक तुकडा जिथे लिहितो तिथून दुसऱ्याने वाचायचं नाही आणि दोघांनी एकाच जागी लिहायचं नाही. लूपच्या कुठल्याही दोन फेऱ्यांना ती लावून बघा. हिस्टोग्राम नापास. मागच्या फेरीच्या उत्तरात भर घालत जाणारी चढती बेरीजही नापास. तिला वेगळा अल्गोरिदमच लागतो. हिस्टोग्रामला मात्र सोपा उपाय आहे: प्रत्येक थ्रेडला स्वतःचे 256 खाने द्या, शेवटी बेरीज करा. प्रत्येक वाढीवर लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावाल तर उत्तर बरोबर येईल, पण बहुधा मूळ कोडपेक्षाही उशिरा.

कम्पायलर काही बघत नाही. ती ओळ म्हणजे 'फेऱ्या स्वतंत्र आहेत' अशी तुम्ही दिलेली हमी. तो ती तपासत नाही. जीसीसी या कम्पायलरला ओपनएमपीचा फ्लॅग (चालवतानाचा पर्याय) दिला नाही तर ओळ सरळ दुर्लक्षितच होते. (मग 'काहीच बिघडलं नाही' असं वाटणारच!)

आठपटीचा दावा अ‍ॅमडालच्या नियमाने तपासा: जो भाग वाटून देता येत नाही तो एकूण वेग अडवतो. वेळेचा 20 टक्के भाग सिक्वेन्शियल (एकापाठोपाठ एकच चालणारा) राहिला तर आठ कोअरवर जास्तीत जास्त 3.3 पट. म्हणून आधी पर्फ (लिनक्सवरचं वेळ मोजायचं साधन) चालवा, वेळ कुठे जातो ते बघा. 3 टक्के वेळ खाणाऱ्या लूपला हात लावू नका.

बरं, रंगीत प्रतिमा करडी करण्यासारख्या लूपला खरंच एक ओळ पुरते, हे मान्य. तिथेही मेमरीची बँडविड्थ (डेटा पुरवायची क्षमता) संपली की उरलेले कोअर नुसते ताटकळतात.