तात्या एकलकोंडे झालेले नाहीत

वाशीतला आमचा कट्टा म्हणजे चहाच्या टपरीशेजारची बुटकी भिंत. रात्री साडेनऊला जमतो. परवा संत्या आला नव्हता, म्हणून त्याच्या वडिलांचा विषय मोकळेपणी निघाला. तात्या मार्केटात माथाडी होते, उभा जन्म कांद्याच्या गोण्या वाहण्यात गेला. सिडकोच्या जुन्या इमारतीत तळमजल्याला राहायचे तेव्हा पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायचे. इमारत पुनर्विकासाला गेली, आता भाड्याच्या घरात अकराव्या मजल्यावर आहेत. सहा महिने झाले, खाली उतरलेले नाहीत.

"एकलकोंडे झालेत," प्रद्या म्हणाला. "पालिकेने विरंगुळा केंद्रं बांधलीत, पेपर आहेत, कॅरम आहे. माणूसच जात नसेल तर कोण काय करणार?"

विन्याचं ठरलेलं, "एकत्र कुटुंबं मोडली, त्याची ही फळं."

मी म्हटलं, थांबा. तात्यांच्या घरी मुलगा, सून, दोन नातवंडं आहेत. आणखी किती एकत्र हवं? मी गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. टीव्ही चालू, आवाज बंद. तात्या नुसती चित्रं बघत होते. मोठा आवाज लावला की मुलांचा अभ्यास होत नाही, म्हणून त्यांनीच बंद केलेला. मी विचारलं, "तात्या, गुडघा कसा आहे?" ते म्हणाले, "कांदा ना? स्वस्त झाला म्हणतात." सून स्वयंपाकघरातून हसली. वाईट मनाने नाही, पण तात्यांनी ते हसू पाहिलं आणि मग मी उठेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

त्यांना ऐकू येत नाही. केंद्रातही तेच झालं होतं, हे मला त्यांच्या कॅरमच्या जोडीदाराने सांगितलं. कॅरमवर कुणी विनोद केला की सगळे हसून झाल्यावर तात्या हसायचे. चारचौघांत दोन-तीनदा असं झालं की माणूस जाणं सोडतो. घरचे समजतात, विक्षिप्त झाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०१७ पासून स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांमध्ये कमी ऐकू येणं धरलेलं आहे. आपण मात्र म्हणतो, वयच झालं.

"मग कानाचं यंत्र घ्या," प्रद्या म्हणाला. "सरकार पैसे देतं."

देतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. चांगलं डिजिटल यंत्र त्यात येत नाही.

आतापर्यंत गप्प असलेला सुनील तेव्हा बोलला, "यंत्राचं मला सांगू नका. बाबांना मी चांगलं महागातलं आणून दिलं. ड्रॉवरमध्ये पडलंय. म्हणतात, पंख्याची घरघर आणि भांड्यांचा खणखणाटच ऐकू येतो."

मी म्हटलं, "पहिल्यांदा तसंच होतं. हळूहळू सवय करावी लागते, परत नेऊन सेटिंग बदलून घ्यावं लागतं. किती वेळा घेऊन गेलास?"

तो काही बोलला नाही. मला विचारायचं नव्हतं असं नाही, पण त्याचा चेहरा बघून वाईट वाटलं.

मग विन्याने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. एकत्र कुटुंबाचं पालुपद लावणारा हाच विन्या. "आई संध्याकाळी बागेत जाते ना, त्या दिवशी दुपारपासून पाणी पीत नाही. तिथल्या बाथरूमला कधी कुलूप, कधी आत पाय ठेववत नाही. तिच्या ओळखीच्या दोघींनी तर येणंच सोडलं. घरी विचारलं तर म्हणतात, कंटाळा येतो. असलं सुनेला कोण सांगणार?"

कुणी काही बोललं नाही. टपरीवाल्याने न विचारता दुसरा चहा दिला.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, ती असावीच. पण फोनवरचं ऐकू तर आलं पाहिजे. म्हाताऱ्या माणसाचं मन शोधत बसण्याआधी त्याचे कान बघा, गुडघे बघा, त्याच्या वाटेवरचं संडास उघडं आहे का बघा. बागेच्या कुलपाची तक्रार वॉर्डात मी देतो म्हटलं. प्रद्याचं अजून पटलेलं नाही, त्याच्या मते मी साध्या गोष्टीला फार ताणतोय.

सुनील उठला तेव्हा अकरा वाजत आले होते. चप्पल घालता घालता त्याने विचारलं, "ते सेटिंगवाले रविवारी उघडे असतात का रे?"