मांजर घ्यायचंय? घ्या की, मावशी आहेच!

परवा रात्री भाचीचा मेसेज आला. 'मावशी, परीक्षा संपलीऽऽ! आता महिनाभर सोन्याला घेऊन जाते, कॉलेज सुरू झालं की आणून सोडते. लव्ह यू!' खाली सात लाल बदाम. सोन्या तेव्हा माझ्या मांडीवर झोपला होता आणि माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. हलले तर तो उठणार, म्हणून तशीच बसून राहिले आणि तोच मेसेज चार वेळा वाचला. आणून सोडते म्हणे. लायब्ररीचं पुस्तक आहे का ते?

मांजर वाघाची मावशी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण मांजरालाही एक मावशी लागते आणि ती बहुतेक वेळा माणसांत सापडते. चौदा महिन्यांपूर्वी 'फक्त चारच दिवस गं' म्हणत हे प्रकरण कॉलेजच्या सॅकमधून माझ्या दारात आलं, अर्ध्या उघड्या चेनमधून एक कान बाहेर काढून. त्या चार दिवसांतला आजचा हा साधारण चारशे विसावा दिवस. एवढ्या अनुभवावर मला चार शब्द सांगायचा हक्क आहे असं मी समजते. तेव्हा ज्या ज्या विद्यार्थ्यांच्या मनात सध्या 'एक मांजर घ्यावं का?' हा गोड प्रश्न घोळतोय, त्यांनी पुढचे सल्ले जरूर अमलात आणावेत. सल्ले फुकट आहेत. मांजरही फुकटच मिळतं. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं म्हणजे निर्णय रात्री एक वाजता घ्या. सबमिशन उद्यावर आलंय, ब्रेकअप परवाच झालाय आणि फोनवर कुणीतरी पिल्लांचा व्हिडिओ टाकलाय, याहून चांगला मुहूर्त नाही. सकाळी दात घासताना हाच विचार केलात तर मांजर रद्द होण्याचा धोका असतो.

मित्रमैत्रिणींचा सल्ला अवश्य घ्या, पण 'घेऊ का?' असं विचारू नका. 'नाव काय ठेवू?' असं विचारा.

नावावरून आठवलं. सोन्या माझ्याकडे आला तेव्हा 'सोनी' होता. गळ्यात गुलाबी पट्टा, त्याला घुंगरू. पशुवैद्यांनी शेपटी वर केली, एक सेकंद बघितलं आणि म्हणाले, "हा बोका आहे, मॅडम." केशरी मांजरांत दर पाचांत साधारण चार बोकेच असतात, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या भाचीबाईंनी तीन महिन्यांत त्याचे काही नाही तरी हजारभर फोटो काढले असतील. सगळे समोरून.

घरमालकाला विचारू नका. त्याला कळेल तेव्हा कळेल.

रूममेटलाही विचारू नका. ती शिंकायला लागली तर 'केस रोज विंचरते ना मी' असं सांगा. अ‍ॅलर्जी मांजराच्या केसांची नसते, त्याच्या लाळेत आणि कातडीत असणाऱ्या एका प्रथिनाची असते आणि चाटून चाटून ते अंगभर पसरतं, ही माहिती तिच्यापर्यंत पोचू देऊ नका.

हॉस्टेलवर असाल तर कपाटात लपवा. मांजरं आवाज करतच नाहीत. विशेषतः माजावर आलेली भाटी तर रात्रभर इतकी शांत असते की वॉर्डनला पत्ताही लागणार नाही. नसबंदीचं ऑपरेशन सावकाश करा, घाई कसली? चौथ्या-पाचव्या महिन्यातच ती गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. म्हणजे एका सेमिस्टरमध्ये तुमची मांजरं एकावरून पाचावर. ग्रुपवर टाका, 'गोंडस पिल्लं द्यायची आहेत, फक्त चांगल्या घरी'. तिकडे कुणाचा तरी रात्रीचा एक वाजलेला असेलच.

पिल्लू जितकं लहान तितकं छान दिसतं, म्हणून आईपासून लवकरात लवकर तोडा. निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावं, चावायचं किती आणि नखं आत कधी घ्यायची हे ते आई-भावंडांशी मस्ती करताना शिकतं, वगैरे जुनाट विचार आहेत. अगदी डोळे न उघडलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्याला दर दोन-तीन तासांनी पिल्लांसाठीचं दूध बाटलीनं पाजायचं असतं, आणि पहिले तीनेक आठवडे त्याला शी-शू सुद्धा आपली आपण करता येत नाही, ओल्या कापसानं पुसून करवावी लागते. लेक्चरला जाताना त्याला तसं समजावून सांगा, राहील बिचारं.

मोठं झाल्यावर वाटीभर गाईचं दूध द्या. मांजर आणि दूध ही जोडी आपण म्हणींमधून जमवलेली आहे, बहुतेक मोठ्या मांजरांच्या पोटाला ती मंजूर नाही. पुसायला फडकं जवळ ठेवा.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. ताटातलं उरलंसुरलं घाला, नाहीतर मित्राच्या कुत्र्याचं खाणं आणा. मांजराला टॉरिन नावाचा एक घटक आहारातून, म्हणजे मांसातूनच, मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदय कमजोर होत जातं. हा हृदयाचा भाग १९८७ साली उजेडात आला, त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. पण तुमचा जन्म त्यानंतरचा, तुम्हाला काय त्याचं!

मांजराला कणकण वाटली तर आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल द्या. एक गोळीसुद्धा त्याचा जीव घ्यायला पुरते, पुढचे सगळे प्रश्न मिटतात. टेबलावर लिलीचा गुच्छ ठेवा, फोटोत सुंदर दिसतो. अंगावर पडलेले तिचे परागकण चाटूनही मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, पण फोटोत ते कुठे दिसतं?

खिडक्यांना जाळी? नको. उजेड अडतो.

लसींचंही तसंच. 'घरातच तर असतं, त्याला कुठून काय होणार?' हे वाक्य पाठ करा. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू तुमच्या चपलेला चिकटून घरात येतो, त्याला घंटी वाजवावी लागत नाही. मी सोन्याला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा मला तीन प्रश्न विचारले गेले. वय किती? लसी कुठल्या झाल्यात? जंतांचं औषध कधी दिलंत? मला तिन्हींची उत्तरं येत नव्हती. भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "पण तो किती क्यूट आहे ना?" डॉक्टरांनी कार्डावर काय लिहिलं असेल कोण जाणे.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. मांजर मध्येच कुणाकडे तरी ठेवा, मध्येच परत न्या, पुन्हा ठेवा. त्यामुळे त्याला हवापालट होतो.

सहा महिन्यांपूर्वी असाच हवापालट झाला होता. बाईंना दहा दिवस सुट्टी होती, आठवण आली, येऊन घेऊन गेल्या. दहा दिवस कुठल्याशा मैत्रिणीच्या फ्लॅटवर सहा जणी, स्पीकर आणि एक बोका. अकराव्या दिवशी सॅकमधून परत. तो आला आणि पलंगाखाली जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी रात्री अकराच्या सुमाराला मी बघितलं तर हा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर लावतोय, बाहेर येतोय, परत आत जातोय. पाच मिनिटांत चार वेळा. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. मग फावड्यानं वाळू उकरून बघितली. सकाळपासून लघवीचा एकही गोळा नाही, सगळी वाळू कोरडी. आणि मग तो ओरडला. चौदा महिन्यांत मी त्याचा तो आवाज एकदाच ऐकलाय, पुन्हा ऐकायचा नाही.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "सकाळची वाट बघू नका, आत्ता निघा." त्यांनी पोटाला हात लावला आणि माझा हात धरून तिथे टेकवला. मूत्राशय टेनिसच्या चेंडूसारखं टणक. बोक्याची मूत्रनलिका बारीक असते, त्यात बारीक स्फटिक किंवा चिकट बूच अडकलं की लघवी बंद. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. दोन-तीन दिवसांत खेळ खलास, कधी त्याहून लवकर. त्याला भूल देऊन नळी घातली. मी बाहेर बाकावर त्याचा टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते. काही वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि विचारलं, "घरात एवढ्यात काही बदल झाला होता का? नवी जागा, प्रवास, अनोळखी माणसं? ताणामुळे हे होतं, बऱ्याचदा." मी समोरच्या भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत राहिले.

सव्वाबाराला भाचीला तीन फोन केले. तिसरा कट झाला. मग मेसेज आला: 'उद्या व्हायव्हा आहे गं, सकाळी बोलते. होईल ना तो बरा? माझ्याकडून पापी दे त्याला.' पापी! त्याच्या अंगात नळी, पायात सलाईन, गळ्यात ती प्लॅस्टिकची कॉलर, आणि मी पापी देऊ? तीन दिवस तो तिथे होता. तीन दिवस मी जाऊन येत होते, आणि तो दर वेळी माझ्याकडे पाठ करून बसायचा, बरोबरच होतं त्याचं. त्या तीन दिवसांत बाईंच्या स्टेटसवर सोन्याचा जुना फोटो आणि खाली 'प्रे फॉर माय बेबी'. दोनशे लोकांनी प्रार्थना केली. वाळू बदलायला एकही आला नाही.

सल्ला देत होते नाही का मी? राहू दे. आता सरळच बोलते, आणि तुम्ही-बिम्ही नको, तूच म्हणते.

अगं, साधी बेरीज कर. घरात राहणारं, नीट जपलेलं मांजर बारा ते अठरा वर्षं जगतं, काही विशी ओलांडतात. तू आज एकोणीसची. आज आणलेलं पिल्लू म्हातारं होईल तेव्हा तू चौतीसची असशील. मध्ये तुझी डिग्री, दुसरी डिग्री, पहिली नोकरी, दुसऱ्या गावातली दुसरी नोकरी, पाच-सहा भाड्याची घरं, लग्न केलंस तर लग्न, आणि मांजराची अ‍ॅलर्जी असलेला नवरा. या प्रत्येक ठिकाणी ते मांजर कुठे असेल, हे एका कागदावर लिहून काढ. ज्या ओळीत 'आई बघेल', 'मावशी बघेल' असं येईल, तिथे आईला आणि मावशीला आधी विचार. 'गृहीत धरलंय' याला विचारणं म्हणत नाहीत.

विद्यार्थ्यांनी मांजर पाळूच नये असं मी म्हणत नाही. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकीनं पाळलं होतं. ती आधी 'मांजर चालेल का' विचारायची, मग भाडं विचारायची, आणि त्यापायी दोन चांगल्या खोल्या सोडल्या तिनं. दर महिन्याला दवाखान्यासाठी थोडे पैसे एका पाकिटात टाकायची, त्या पाकिटाला सहलीच्या वेळीही हात लावला नाही. तिच्या मांजराचा फोटो मी फारसा कधी बघितला नाही, बहुधा तिला वेळ नसावा.

तेवढं जमणार नसेल तर नको घेऊस. लाज नाही त्यात काही. प्रेम फारच उतू जात असेल तर शेल्टरमध्ये जा, रविवारी ट्रे साफ कर, पिंजऱ्यापुढे बसून राहा. महिना-दोन महिन्यांसाठी एखादं सांभाळायला घे, त्यांना तशी माणसं हवीच असतात, आणि परत द्यायचंय हे तिथे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. नाहीतर मोठं, शांत, पाच-सात वर्षांचं मांजर घे, ज्याला कुणी विचारत नाही. पण तुला पिल्लूच हवं. पिल्लू सहा महिन्यांचं झालं की पिल्लू राहत नाही, आणि नेमकं तेव्हाच तुमचं चार दिवसांचं काम निघतं!

मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आज देते. सोन्या कुठेही जाणार नाही. तुला त्याची आठवण येते ना? मग तू ये. महिनाभर राहा. तो पहाटे साडेचारला उठतो, तेव्हा तू उठायचंस. ट्रे बाल्कनीत आहे, फावडं त्याच्या शेजारीच टांगलंय.