जामठ्याला न गेलेल्या दादाचा मेसेज

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर दादाने एक मेसेज टाकला. वर दोन बाण, म्हणजे गावभर फिरून आलेला. म्हणणं असं: नागपुरात बसून आर्सेनल-टॉटनहॅम या लंडनच्या फुटबॉल क्लबांच्या नावाने एकमेकांच्या उरावर बसणारी पोरं नकली चाहते आहेत. लोकल क्लबांचं वैर त्या गल्लीत जन्मलेल्यालाच कळतं, ते रक्तात असावं लागतं. स्टेडियमची पायरी न चढलेल्याने त्यात बोलू नये. लांबचे लोक जिंकणारा संघ बघून चाहते होतात. रात्री जागून अभ्यास बुडवतात. आणि ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या क्लबचे झेंडे मिरवणं ही गुलामी. खाली जोडलेले हात आणि 'दहा जणांना पाठवा'.

असल्या मेसेजला मी एरवी उत्तर देत नाही, सकाळच्या गुलाबाच्या फुलांसोबत तेही डिलीट होतं. पण अकरावीतला भाचा सध्या क्लाससाठी आमच्याकडे राहतो. त्याचा आर्सेनलचा लाल-पांढरा मफलर खिडकीच्या गजाला बांधलेला असायचा. त्या संध्याकाळी गज रिकामा दिसला. विचारलं तर म्हणाला, "मावशी, मोठ्या मामाचं बरोबर आहे का? मी नाटक करतो का?"

तर दादा, ग्रुपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. म्हणून इथे लिहिते.

आधी तो रक्ताचा मुद्दा, कारण तो सगळ्यात भंपक आहे आणि पोराला लागलाही तोच. आर्सेनल मुळात उत्तर लंडनचा, म्हणजे टॉटनहॅमच्या भागातला क्लबच नव्हता. 1886 साली थेम्सच्या दक्षिणेला, वुलिचच्या सरकारी दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांनी तो काढला. आर्सेनल हे नावच शस्त्रागारावरून आलंय. तिकडे प्रेक्षक जमेनात, पैसा संपत आला, तेव्हा मालक हेन्री नॉरिस यांनी 1913 मध्ये क्लब उचलला आणि नदी ओलांडून हायबरीला नेऊन बसवला. टॉटनहॅमचं मैदान तिथून चार मैलांवर. टॉटनहॅमवाले तिथे 1882 पासूनचे. त्यांनी आरडाओरडा केला, उपयोग झाला नाही. म्हणजे ज्या वैराला हा मेसेज मातीतलं आणि रक्तातलं म्हणतो, त्याची सुरुवातच 'हे उपरे इथे कशाला आले?' या प्रश्नाने झाली.

पुढची गोष्ट तर पंचायत समितीच्या निवडणुकीत शोभावी. पहिल्या महायुद्धात लीग बंद पडली. त्याआधीच्या 1914-15 च्या मोसमात टॉटनहॅम पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागात तळाला होता, दुसऱ्या विभागात घसरायच्या बेतात. 1919 मध्ये लीग पुन्हा सुरू करताना पहिल्या विभागात वीसऐवजी बावीस संघ घ्यायचे ठरलं. टॉटनहॅमला वाटलं, आपण वाचलो. एका जागेसाठी मतदान झालं आणि ती मिळाली आर्सेनलला, अठरा विरुद्ध आठ मतांनी. आर्सेनल तेव्हा दुसऱ्या विभागात होता, आणि तिथेही पहिल्या दोनांत आलेला नव्हता. नॉरिस साहेबांनी काय जादू केली यावर लोक अजून वाद घालतात. टॉटनहॅम खाली गेला, पुढच्याच वर्षी दुसरा विभाग जिंकून वर आला, पण ती जखम काही भरली नाही. आर्सेनल त्यानंतर आजतागायत खाली गेलेला नाही, हे मीठ वेगळंच.

आता मला सांग, लंडनमधल्या आजच्या सोळा वर्षांच्या पोराला हे कसं कळलं? 1919 च्या त्या सभेला तो हजर नव्हता. त्याला आजोबांनी सांगितलं, कुठे वाचलं, शाळेत कोणी चिडवलं. माझ्या भाच्यालाही वाचून आणि चिडवूनच कळलं. वैर सांगून-ऐकून अंगात येतं, दादा. आपल्या घरात चुलत्यांशी बोलणं का बंद आहे ते तुला तरी कुठे माहीत आहे? बांधावरून झालं म्हणतात. बांध बघितलाय तू?

आणि आपण मोतीबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो हे विसरलास. तेव्हा आपली रेल्वे दक्षिण-पूर्व होती, मुख्यालय कलकत्त्याला, त्यामुळे अर्धी चाळ बंगाली. शेजारचे काका ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबचे चाहते. काकांचे वडील फाळणीआधीच नोकरीसाठी इकडे आलेले, मूळ गाव बारिसालकडचं, जे आता बांगलादेशात. काका स्वतः जन्मले नागपुरात, शिकले नागपुरात, बोलायचे आपल्यापेक्षा फर्डं नागपुरी. कलकत्ता अकराशे किलोमीटर लांब. त्यांनी ना पूर्व बंगाल पाहिलेला, ना कलकत्त्यात घर केलेलं. पण क्लब जिंकला की बर्फातला इलिश मासा कुठूनही पैदा करायचे, आणि त्याचा कलकत्त्यातलाच वैरी क्लब मोहन बागान जिंकला की समोरचे घोषबाबू मुद्दाम कोळंबी तळायचे, खिडक्या उघड्या ठेवून.

13 जुलै 1997. फेडरेशन कपची उपांत्य फेरी, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखाच्या वर माणूस. काका कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये, कलकत्त्याच्या मावसभावाला फोन लावून. मी काचेबाहेर उभी, कारण सुटे पैसे माझ्याकडे होते. मीटरचे लाल आकडे पळत होते आणि काका फक्त "आर?" "आर?" म्हणत होते, म्हणजे 'अजून?'. ईस्ट बंगालच्या बायचुंग भूतियाने तीन गोल मारले, ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकला. बाहेर आले तेव्हा शर्ट घामाने चिकटलेला आणि बिल भरायला हात थरथरत होते. हा माणूस नकली चाहता? मग असली कोणाला म्हणायचं ते तरी सांग.

मैदानावर गेल्याशिवाय चाहता नाही, हे तू पाठवावंस याचं मला खरंच हसू आलं. मार्च 2024 मध्ये विदर्भ वानखेडेवर मुंबईकडून रणजीची फायनल 169 धावांनी हरला, तेव्हा तू दोन दिवस कोणाशी धड बोलला नव्हतास. पुढच्या फेब्रुवारीत त्याच मुंबईला आपण सेमीफायनलमध्ये 80 धावांनी हरवलं, तू गल्लीभर तर्री-पोहे वाटलेस. मॅच कुठे होती? जामठ्याला, आपल्या नागपूरच्याच स्टेडियमवर. तुझ्या घरून गाडीने पाऊण तास धर. पाच दिवसांत एकदा तरी गेलास? फोनवर स्कोअर बघत होतास, वहिनी साक्षीला आहे. भाच्यानेच मला विचारलं, "मोठे मामा जामठ्याले काऊन नाही गेले?" मी काय सांगू त्याले?

जिंकणारा संघ बघून चाहते होतात म्हणे. 2004 मध्ये लीग जिंकल्यावर पुढची वीस वर्षं आर्सेनलला ती पुन्हा मिळाली नाही. भाच्याचा बाकावरचा दोस्त टॉटनहॅमचा, त्यांनी 2008 नंतर थेट 2025 मध्ये काहीतरी जिंकलं. जिंकण्याचा सोस असता तर या दोघांनी दुसरं दुकान धरलं असतं.

एक मान्य करते, जड मनाने. लांबून वैर उचलताना त्यातली घाणही उचलली जाते, आणि ती घाण आहे हे लांबच्याला कळत नाही. टॉटनहॅमच्या चाहत्यांत ज्यू लोक जुन्या काळापासून आहेत. त्यांना डिवचायला विरोधी गर्दीतले काही जण 'स्स्स' असा आवाज काढतात. सापाचा वाटतो, पण तो हिटलरच्या छावण्यांतल्या गॅसचा आवाज आहे. भाच्याने कुठल्या तरी रीलवर ऐकून मित्राला तोच लिहून पाठवला होता, गंमत म्हणून. मी अर्थ सांगितला तेव्हा कानापर्यंत लाल झाला, मेसेज पुसला आणि दोस्ताला फोन करून काहीतरी पुटपुटला. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मी स्वतः दहा जणांना पाठवलं असतं. आणि हेही खरं की सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावर हसणारा शत्रू बसलाय, ही भट्टी नागपुरात तितकी तापत नाही. बाकावर एकच आहे. पण आहे.

अभ्यास बुडतो हा मुद्दा युरोपातल्या मधल्या वारच्या सामन्यांना लागू पडेल, ते आपल्याकडे मध्यरात्रीनंतर असतात. लंडनची साडेबाराची मॅच मात्र इथे हिवाळ्यात संध्याकाळी सहाला लागते. त्या वेळी तू सिरियल बघतोस.

गुलामीबद्दल काय बोलायचं? कामठीची छावणी 1821 ची, तिथल्या गल्ल्यांत फुटबॉल रुजला तो गोऱ्या पलटणींच्या संगतीनेच, आणि तुझा लाडका क्रिकेट काही काटोलच्या संत्र्यांच्या बागेत उगवला नाही. इथल्या मैदानावर जा म्हणतोस ना, तर पोरगा जातो. तिथल्या रब्बानी फुटबॉल क्लबची मॅच असली की कामठीला बसने जातो, मफलर गळ्यात घालून, आणि तिथे त्याला कोणी नकली म्हणत नाही.

दहा जणांना काही मी पाठवलं नाही. तुझा तो मेसेज एकालाच पाठवला, मोतीबागच्या काकांच्या मुलाला, तो आता पुण्यात असतो आणि काका त्याच्याकडे. रात्री उत्तर आलं: "बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, हे लिहिणारा नक्की मोहन बागानचा."