बुलेट सुरू होत नाही? ‘प्लग बदला, पॉइंट घासा, किक मारत राहा’ या सल्ल्याचा पंचनामा

पावसाळा सरला, जुन्या बुलेटवरचं कव्हर निघालं की एक सल्ला या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: ‘गाडी सुरू होत नाही? मिस्त्रीकडे जाऊ नका. आधी नवा प्लग टाका, दहातल्या नऊ वेळा दोष तोच. पॉइंटला सँडपेपर मारा. चोक लावून, ॲक्सिलरेटर पिळून जोरात किक मारत राहा. तरी नाही झाली तर सेकंड गिअरमध्ये धक्का. आणि एवढं करूनही नाही, तर हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलनं घात केलाय. टाकीत थोडं टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल ओता.’

इथे बोलतोय ते ब्रेकर पॉइंटवाल्या कास्ट आयर्न बुलेट ३५० बद्दल. पॉइंट म्हणजे मिटून-उघडून प्लगची ठिणगी पाडणारी धातूची दोन टोकं. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. सल्ला अगदीच हवेतला नाही, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक उपाय दोषाचा पुरावा पुसून टाकतो. गाडी सुरू झाली तरी का झाली ते कळत नाही, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तीच कसरत.

प्लगपासूनच बघू. नवा टाकण्याआधी जुना काढून नीट बघायचा असतो. आठ-दहा किका मारूनही प्लग कोरडा निघाला तर सिलिंडरमध्ये पेट्रोलच पोचत नाही, मग नवा प्लग काय करणार? पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल येतंय, स्पार्क नाही किंवा अशक्त आहे, नाहीतर पेट्रोल ओव्हर (गरजेपेक्षा जास्त) झालंय. तेलानं चिकट असेल तर ऑइल वर येतंय. गॅप साधारण ०.५ मिमी ठेवावी. ‘बाहेर धरून बघितला, स्पार्क येतो’ एवढ्यावर विसंबू नये. उघड्या हवेत अर्धा मिलिमीटर उडी मारणारी ठिणगी कॉम्प्रेशनखाली दगा देऊ शकते. प्लगकॅप काढून वायरचं टोक हेडच्या धातूपासून ५-६ मिमीवर धरा, हातानं नव्हे, कोरड्या इन्सुलेटेड पक्कडीनं. तेवढं अंतर निळी, चटका वाजणारी ठिणगी ओलांडते का ते बघा. वायरनं ओलांडली आणि कॅप लावल्यावर गेली, तर कॅप मेलीय. हे करताना प्लगचं भोक बंद ठेवा. तिथून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

आता पॉइंट. सल्ल्यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. सँडपेपरचे कण दोन टोकांमध्ये अडकून राहतात आणि ते वीज वाहू देत नाहीत, म्हणजे जो दोष घालवायला बसलात तोच विकत घेतला. शिवाय कडा गोल होतात आणि गॅप बदलते. गॅप बदलली की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) बदलतं. वाढली तर पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी आधी पडते आणि किक पाय फेकते. कमी झाली तर उशिरा उघडतात. काळवंडलेले पॉइंट बारीक पॉइंट-फाइलनं एक-दोनदा ओढून घ्यावेत, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा मधून फिरवावा, शेवटी कोरडा. नव्या पॉइंटवर गंज येऊ नये म्हणून पातळ लेप असतो, तोही असाच पुसावा. नंतर पॉइंटची फायबरची टाच त्याला उघडणाऱ्या कॅमच्या सर्वांत उंच भागावर आणून फिलर गेजनं (फट मोजायच्या पात्यानं) ०.३५ ते ०.४० मिमी गॅप लावायची आणि मग टायमिंग तपासायचं. हा क्रम उलटा चालत नाही.

खरं तर पॉइंटचं झाकण उघडण्याआधीच बरंच काही कळतं, कारण हेडलाइटवरच्या केसिंगमध्ये अँपिअर मीटर बसवलेला आहे. त्याला नुसती शोभा समजणारे फार. दिवे बंद ठेवा, प्लग काढा, प्लगची वायर हेडला अर्थ करा, चावी लावा आणि किक हातानं हळूहळू फिरवा. पॉइंट मिटलेले असताना काटा मायनसकडे साधारण ३-४ अँपिअर झुकतो. उघडले की शून्यावर येतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत हे एकदा घडलं पाहिजे.

काटा हललाच नाही तर बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, कॉइलपर्यंतची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) वायर, किंवा पॉइंटवरचा मळ, यांपैकी काहीतरी. पावसाळ्याचे चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत बहुतेकदा पॉइंटवरचा राखाडी थर निघतो. काटा मायनसवरच अडकून बसला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा करंट मध्येच बॉडीला जातोय: कंडेन्सर (पॉइंटमधली चमक आवरणारा छोटा भाग) शॉर्ट आहे, नाहीतर पॉइंटच्या स्प्रिंगखालचा इन्सुलेटिंग वॉशर चुकीच्या बाजूला बसलाय. पॉइंट नवे टाकल्यावर गाडी मेली असेल तर दहा रुपयांचा तो वॉशर आधी बघा. काटा व्यवस्थित नाचतोय तरी ठिणगी पिवळी, मरतुकडी, आणि पॉइंटमध्ये मात्र जोरदार चमक, तर कंडेन्सर. खात्री करायची तर जुन्याची वायर सोडा आणि कुठल्याही पॉइंटवाल्या गाडीचा ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर बाहेरून जोडा, वायर पॉइंटच्या टर्मिनलला आणि बॉडी इंजिनाला. कॉइल मीटरवर बघता येते. बारा व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रोध ३ ओहमच्या आसपास, सहा व्होल्टच्या कॉइलचा त्याच्या निम्मा. काम झालं की चावी काढा. पॉइंट मिटलेले ठेवून चावी चालू राहिली तर कॉइल तापून जाते.

टायमिंगसाठी ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना पिस्टन टीडीसीच्या (त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या) साधारण ०.८ मिमी आधी असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा ताडून पाहावा. सिगारेटचा कागद पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढला की तो सुटतो तो क्षण हाच. ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर सगळं अचूक लावूनही गाडी मागे किक मारेल.

‘चोक लावा, ॲक्सिलरेटर पिळा’ यात दोन उपाय एकमेकांना मारतात. बुलेटच्या मिककार्ब व्हीएम २४ कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी पत्री नव्हे, पेट्रोलची वेगळी वाट उघडणारा प्लंजर आहे. ती वाट स्लाइड (मुठीनं वरखाली होणारा कार्बोरेटरचा भाग) खाली बसलेली असताना तयार होणाऱ्या खेचेवर चालते. ॲक्सिलरेटर उघडला की खेच गेली आणि चोकही गेला. थंड इंजिनाला चोक वर, मूठ बंद. गरम इंजिनाला चोक नकोच.

आणि ‘जोरात मारत राहा’? बुलेटला जोर लागत नाही, जागा लागते. चावी लावून किक सावकाश दाबा. कॉम्प्रेशन कडक लागेल तिथे डिकॉम्प्रेसर (सिलिंडरचा दाब सोडणारा लिव्हर) ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवा. काटा मायनसवरून शून्यावर येतो तीच खूण. डिकॉम्प्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि एकच लांब, सलग किक शेवटपर्यंत. अर्धवट झटके मारले की पिस्टन नको त्या जागी थांबतो, किक उलटते, आणि किकचा पॉल (दात्यात अडकणारा खटका) किंवा घोटा यांपैकी एक जातो.

पेट्रोल ओव्हर झालं असेल तर कॉक बंद, चोक बंद, चावी बंद, मूठ पूर्ण उघडी, डिकॉम्प्रेसर ओढून आठ-दहा किका. प्लग कोरडा करून परत लावा.

धक्क्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. या गाडीत स्पार्क बॅटरीवर चालतो. बॅटरी पार बसली असेल तर ढकलताना तयार होणारा थोडासा करंट आधी तीच गिळते. ६ व्होल्टची भरलेली बॅटरी ६.३ आणि १२ व्होल्टची १२.६ च्या आसपास दाखवते. मीटर लावून बघणं गाडी ढकलण्यापेक्षा सोपं. किकचा पॉल झिजून घसरत असेल तेवढ्यापुरता धक्का उपयोगी. ओव्हर झालेल्या गाडीला धक्का देत राहिलात तर कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचतं, आणि मग होणारा आवाज सगळ्या आळीला ऐकू जातो.

इथेनॉलची तक्रार अर्धी खरी. २० टक्के इथेनॉलमुळे त्याच जेटवर (पेट्रोल मापात सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर) मिश्रण सुमारे ७-८ टक्के पातळ पडतं, जुने रबरी पाइप फुगतात, आणि ओलाव्यातल्या टाकीत पाणी जास्त झालं तर ते इथेनॉलसकट खाली बसतं. पण काल चालणारी गाडी आज एकाएकी त्यानं बंद पडत नाही. कार्बोरेटरची वाटी काचेच्या बाटलीत रिकामी करा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी. वाटीत चिकट किंवा पांढरट साका असेल तर पायलट जेट (मंद चालीचं पेट्रोल सोडणारा) बुजलाय. त्याचं भोक पाव मिलिमीटरच्या आसपास असतं, सुई घालून ते मोठं करू नका. क्लीनर आणि हवेनं फुंका, फार तर तांब्याच्या वायरचा एक केस. मग कार्बोरेटरकडचा पाइप सोडून कॉक उघडा, धार सलग यायला हवी. दोन मिनिटांत बारीक झाली तर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. मिश्रण पातळ पडत असेल तर एअर स्क्रू पाव फेरी आत घ्या. टू-टी ऑइलनं यातलं काहीच सुधारत नाही. ते पाणी रोखत नाही, धूर करतं आणि प्लग काळा करतं.

कॉम्प्रेशनचं नाव त्या सल्ल्यात कुठेच नाही. डिकॉम्प्रेसरची केबल ताणलेली असेल तर त्याचा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, किक मऊ लागते आणि हेडजवळ फुस्स ऐकू येतं. लिव्हरला दीड-दोन मिमी मोकळी चाल हवी. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची फट) थंड इंजिनावर बघायचे. पुशरॉड बोटानं फिरला पाहिजे, पण वरखाली खेळता कामा नये. उलट किक नेहमीपेक्षा जड लागली तर इंजिनाच्या केसिंगमधल्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरलंय. खालचा ड्रेन नट सोडून ते काढा, स्वच्छ असेल तर वरच्या तोंडातून परत भरा, आणि नट बसवताना तांब्याचा वॉशर नवा टाका.